बत्ती जळली

रोज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी प्रभामावशी अंगणात यायची, गाडीत बसायची आणि चावी अर्धीच फिरवायची. इंजिन सुरू व्हायच्या आधीच काचेआडचे सगळे दिवे एकदम लागत. ती एकेकाची हजेरी घ्यायची. झारी, पेटी, कासव. मग चावी पूर्ण फिरवली की इंजिन खोकत सुरू व्हायचं आणि दिवे विझायचे. “उठले, झोपले,” ती म्हणायची आणि गाडी बंद करून चहा टाकायला आत यायची. गाडी कुठे न्यायची नसली तरी हे व्हायचंच.

झारी म्हणजे तेलाचा लाल दिवा. त्याचं चित्र खरंच तेल घालायच्या झारीसारखं असतं, चोचीशी एक थेंब. पेटी म्हणजे बॅटरी. कासव म्हणजे इंजिनाचा पिवळा दिवा. “अर्धी चावी फिरवली की सगळे लागलेच पाहिजेत,” असं तिचं म्हणणं होतं. “जो उठत नाही, तो वेळेला ओरडणार कसा?” ही नावं तिनेच ठेवलेली आणि वैशाली नगरपासून आदर्श नगरपर्यंतच्या मराठी घरांत ती चालायची.

मावशी मूळची सांगलीची. विमा कंपनीत अधिकारी होती, बदलीवर जयपूरला आली आणि निवृत्तीनंतरही वैशाली नगरातच राहिली. मी तिची भाची. एम.ए.साठी तिच्याकडे आले आणि पुढेही तिथेच राहिले. श्रीपादकाका, म्हणजे तिचे यजमान, गाडी चालवायला कधीच शिकले नाहीत. “कुणीतरी शेजारी बसून रस्ता बघायला हवा,” असं ते म्हणत आणि गाडी निघाली की झोपत.

जयपूरला आल्यावर पहिल्याच वर्षी तिने एक जुनी गाडी घेतली. एकदा टोंक रोडवर चहाला थांबल्यावर ती पुन्हा सुरूच होईना. चंदनजी नावाच्या मिस्त्रींनी झाकण उघडून विचारलं, “बहनजी, बत्ती जली थी क्या?” मावशी ताठ मानेने म्हणाली, “नहीं भैया, बत्ती एकदम अच्छी है. एक भी जली नहीं.” चंदनजींनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मराठीत दिवा लागतो आणि जळला म्हणजे कामातून गेला. हिंदीत मात्र जो जळतो तोच लागलेला असतो. एवढं दोघांना कळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. इंजिन वाचलं ते काकांमुळे. तेलाचा दिवा लागल्यावर लगेचच त्यांना जाग येऊन चहाची टपरी दिसली होती आणि त्यांनी गाडी तिथेच थांबवायला लावली होती.

त्या दिवशी चंदनजींनी तिला एक नियम सांगितला. “लाल जली तो वहीं रुको. पीली जली तो धीरे-धीरे मेरे पास आओ.” मावशीने तो वर्षानुवर्षं तिथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना सांगितला, आणि बत्तीची ती गोष्टसुद्धा. चंदनजींचा आवाज, स्वतःची ताठ मान, सगळं करून दाखवायची. प्रत्येक गणपतीत कुणीतरी म्हणायचंच, “प्रभाताई, ती बत्ती होऊ दे.”

आणि फोन यायचे.

“काकू, कासव आलंय.”

“लुकलुकतंय की स्थिर?”

“स्थिर.”

“मग घाबरू नकोस. घरी ये, उद्या मिस्त्रीकडे जा. लुकलुकलं तर मात्र पाय काढून घे, हळू चालव.”

 फोन ठेवल्यावर ती चष्मा काढून पुसायची, स्वच्छ असला तरी.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. वर गच्चीत पतंगांचा गलका चाललेला, खाली अंगणात गाड्या. बँकेतल्या रणजितच्या गाडीत कासव लागलं होतं. मावशीने आत डोकं घालून पाहिलं, इंजिनाचा आवाज ऐकला आणि सांगितलं, “प्लग बघून घे.” तेव्हा मागून गौतमी आली.

गौतमी पस्तिशीची, एका कॉलेजात शिकवायची. तिचे वडील डॉक्टर म्हणून वर्ध्याहून इथे आले आणि ती जयपुरातच जन्मली. नवरा जोधपूरला नोकरीवर. इथे ती आणि सात वर्षांची अनुश्री. “काकू, एक मिनिट हं? मी लावून बघू?” असं म्हणत तिने पर्समधून काडेपेटीएवढी एक वस्तू काढली, स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवली आणि मोबाइल पुढे धरला. अर्ध्या मिनिटात म्हणाली, “प्लग तर ठीक आहेत. सेन्सर गेला आहे, ऑक्सिजनवाला.”

रणजितने टाळी वाजवली. “प्रभाताई, आता खऱ्या रिटायर झालात बघा!”

सगळे हसले, मावशीही हसली. मग तिने गौतमीच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि “गोड बोल हो,” म्हणत तो इतक्या जोरात दाबला की फुटला.

त्यानंतर फोन कमी झाले. फेब्रुवारीत तीन आले. मार्चमध्ये एक, तोही राँग नंबर. मावशी जेवतानाही मोबाइल ताटाशेजारी ठेवायची. “आवाज बंद तर नाही ना झालाय याचा? बघ गं जरा,” मला म्हणायची. मी बघायचे. आवाज चालू असायचा. कुणाच्या तोंडून गौतमीचं नाव निघालं की तिच्या मराठीवर घसरायची. “‘काकू, मी आली. काकू, मी गेली.’ एवढी शिकलेली मुलगी, आले-गेले म्हणता येऊ नये?” नक्कल हुबेहूब होती. आम्ही हसलो की ती आणखी एक करायची.

काका एकदा वर्तमानपत्राआडून म्हणाले, “जळतेस तू त्या पोरीवर.”

“मी? त्या काडेपेटीवर?”

“काडेपेटीवर कोण जळतं? काडेपेटीनंच जळतं.”

तिने कुकरचं झाकण असं आदळलं की काकांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.

एप्रिलमधला रविवार होता. अकराचा सुमार. मावशी ओट्याशी भेंडी चिरत होती, हात चिकट म्हणून फोन स्पीकरवर ठेवायला तिने मला सांगितलं. फोन गौतमीचा होता.

“काकू, मी बगरूच्या पुढे आहे, अजमेर रोडवर. गाडीत तेलवाली बत्ती जळली आहे. ती तुमची झारी. माझा स्कॅनर मतलब काहीच नाही दाखवत. म्हणून तुम्हाला केला.”

मावशीची सुरी थांबली. फेब्रुवारीनंतर आलेला तो पहिला खरा फोन होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं.

“जळली?” तिने विचारलं.

“हां, जळली.”

“मग बदलून घे. लहानसा दिवा असतो.”

“मतलब, बत्तीतच खराबी आहे? चालवू ना मी?”

“दिव्यावाचून गाडी चालते,” मावशी म्हणाली.

“थँक यू काकू! मी उगीच डरली.”

फोन बंद झाला. मावशीने आणखी चार भेंड्या चिरल्या, नेहमीपेक्षा बारीक. मलाही ती बत्तीची गोष्ट पाठ होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिची पाठ बघून मिटलं. थोड्या वेळाने तिने हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि स्वतःच फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने परत लावला. गौतमी गाडी चालवत होती, तिने उचलला नाही. सहाव्यांदा लावताना मावशीच्या ओल्या बोटांनी नंबर उमटेना, तेव्हा फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “तू लाव. लवकर लाव.”

तोवर व्हायचं ते झालं होतं. संध्याकाळी गौतमीचाच फोन आला. गाडीखालून तेल गळून गेलं होतं, थेंब उरला नव्हता. इंजिन जाम झालं होतं. ओढून आणायला गाडी येईपर्यंत त्या दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. “दोन घंटे धूपमध्ये, काकू. एक झाड पण नव्हतं. अनु खूप रडली.”

“गाडी दुरुस्तीला किती दिवस जाईल?” मावशीने विचारलं.

“मिस्त्री म्हणतो तीन हफ्ते.”

“उद्यापासून सहा वाजता तुमच्या गेटपाशी उभ्या राहा. शाळेत, कॉलेजात, मी सोडते.”

“नको काकू, बसने जाऊ ना.”

“सहा वाजता,” मावशी म्हणाली.

त्या रात्री ती जेवली नाही. काकांनी विचारलं तेव्हा भेंडी कडू निघाली म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघायचो. हजेरी आता पावणेसहाला व्हायची. मला वाटेत उतरायचं असायचं, म्हणून मी मागे अनुश्रीशेजारी. गौतमी पुढे. ती रोज आभार मानायची. एकदा लिंबाचं लोणचं आणलं, एकदा मावशीसाठी लहरियाची ओढणी. मावशी प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि तशीच मागे माझ्याकडे द्यायची. पूर्वी ज्या मुलीच्या हातातली काडेपेटी तिला खुपायची, तिचीच भेटवस्तू आता तिच्याने धरवत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस अनुश्रीची बाटली घरात राहिली. गौतमी ती आणायला गेली म्हणून मावशीने इंजिन बंद केलं. ती परत येऊन बसल्यावर मावशीने सवयीने चावी अर्धी फिरवली. मागून मान काढून बघणारी अनुश्री ओरडली, “सगळे जळले! काकू, सगळेच्या सगळे जळले!”

“लागले म्हण, अनु,” गौतमी म्हणाली. “लागले.” मग मावशीकडे वळून हसली. “माझ्यामुळे तिची पण मराठी अशी. त्या दिवशी पण मी लागली म्हणायला पाहिजे होतं ना, काकू? मी नंतर पप्पांना विचारलं. मराठीत जळली मतलब खराब झाली. तुम्ही बरोबर सांगितलं, मीच चूक बोलली.”

मावशीचा हात चावीवर होता. दिवे तसेच लागलेले. मागून एका स्कूलबसने हॉर्न दिला आणि वळसा घालून गेली.

“तू चूक बोलली नाहीस,” मावशी म्हणाली.

“नाही काकू, पप्पा म्हणाले...”

“गौतमी, मला तेव्हाच कळलं होतं. तू काय म्हणतेयस ते पहिल्या शब्दालाच कळलं. मी कळू दिलं नाही.”

गौतमीने थोडा वेळ समोर पाहिलं. तिथे एक गाय कचऱ्याच्या डब्यापाशी उभी होती, बाकी काही नव्हतं. “का?” असं तिने विचारलंच नाही. मला वाटतं, तिळाचा फुटलेला लाडू तिलाही आठवला असावा. शेवटी ती एवढंच म्हणाली, “शाळेला उशीर होतोय.”

मावशीने इंजिन सुरू केलं. उठले, झोपले, त्या दिवशी म्हटलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्या गेटपाशी नव्हत्या. मावशी वीस मिनिटं थांबली. परत येताना बसच्या थांब्यावर त्या दिसल्या. अनुश्रीने हात हलवला, गौतमीने तिचा हात धरून खाली घेतला. तरी मावशी पुढच्या दिवशी गेली. तीन आठवडे संपेपर्यंत रोज गेली, गेटपाशी गाडी उभी केली आणि रिकामीच परत आणली. काका म्हणाले, “अगं, पेट्रोल जळतंय.” मग जीभ चावली.

गणपतीत रणजितने हाक दिली, “प्रभाताई, ती बत्ती होऊ दे!” मावशी पंचपाळं पुसत होती. म्हणाली, “विसरले मी ती.” वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट कुणी विसरत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गौतमी दाराशी चपला घालत होती. तिने ऐकलं आणि ती गेली.

मावशीकडे अधूनमधून फोन येत राहिले, कारण काडेपेटी सगळ्यांकडे नव्हती. ती आता आधी एकच विचारायची, “लागलाय की गेलाय? नीट सांग.” लोकांना गंमत वाटायची. फोन ठेवल्यावर ती चष्मा पुसायची नाही.

मावशी या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेली. दुपारी पडली ती उठली नाही. मी तेव्हा पुण्यात होते, मुलाखतीसाठी. तिचं शेवटचं बोलणं मी ऐकलं ते त्याआधी चार दिवसांचं, निघतानाचं.

माझी पुण्याची ट्रेन साडेबाराची. मावशी मला स्टेशनवर सोडणार होती. माझी बॅग तिने डिकीत ठेवलीही होती, वाटेसाठी दशम्या बांधल्या होत्या. चावी अर्धी फिरवली आणि तिचा फोन वाजला. नाव बघून तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“हं, बोल, गौतमी.”

पलीकडचं मला नीट ऐकू आलं नाही. तुटक, जपून बोललेलं काहीतरी, आणि एक शब्द दोनदा, “लागली. लागली.”

“लाल ना? बंद केलीस? बरं केलंस. चावी काढून घे.” ती ऐकत राहिली. “कुठे? ... बरं. हलू नकोस तिथून.”

फोन ठेवून ती उतरली आणि डिकी उघडून तिने माझी बॅग फाटकापाशी ठेवली. दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला.  निघायच्या दिवशी ती माझी असणार, असं मी धरून चालले होते. माझ्या आत काहीतरी जळलं, आणि ते काय होतं हे ओळखायला मला पुण्यापर्यंतचा सगळा प्रवास लागला.

ती गाडीत बसली, काच खाली केली.

“तू रिक्षाने जा गं तनू,” ती म्हणाली. “त्या दोघी उन्हात उभ्या आहेत.”