खिशातला गूळ
गुळाचा वास आला की वडिलांचा राखाडी पडलेला शर्ट आठवतो. ते नागापूरला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायच्या कारखान्यात होते. गुळानं अंगातलं शिसं निघून जातं, असं तिथं सगळेच मानायचे, म्हणून पाळी सुटताना प्रत्येकाला खडा मिळायचा. वडील अर्धा खायचे, उरलेला खिशातून माझ्यासाठी आणायचे. पुढं त्यांचं मनगट लुळं पडायला लागलं, तेव्हा आम्ही केडगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "आदी पोट लई दुखायचं, आता अंगवळनी पडलंय," वडील म्हणाले. "अंगवळणी नाही हो, अंगात साठलंय," बाई म्हणाल्या. "पेशी बिचाऱ्या जमेल तेवढं शिसं बांधून ठेवतात. हाडांना तर ते कॅल्शियमच वाटतं, ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात." तेवढ्यात मी कंटाळले म्हणून वडिलांनी खिशातला खडा माझ्या हातावर ठेवला. बाईंनी तो खडा पाहिला, मग वडिलांचा शिशाच्या धुळीनं माखलेला खिसा. "हिचंही रक्त तपासू," त्या हळूच म्हणाल्या. शिसं माझ्याही रक्तात निघालं. त्यानंतर वडिलांनी घरात गूळ येऊ दिला नाही. आज मला सातवा महिना आहे. आईच्या हाडांतलं कॅल्शियम बाळाच्या हाडांत जातं, असं इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर मघाशी कौतुकानं म्हणाल्या. मी त्यांना माझ्या रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं.