लोटन नानांचं बत्तीस बोअर

फैजपूरकडच्या केळीपट्ट्यात लोटन नानांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांना घाबरतो असा सापडणं त्याहून कठीण. हे दुसरं नानांना फार लागायचं. चुलतभाऊ योगराजनं कमरेला रिव्हॉल्वर लावलं तेव्हापासून लोक त्याला आधी रामराम घालतात, असं नानांच्या मनानं घेतलं. मग नानांनीही अर्ज केला, तीन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवले आणि परवाना मिळवला.

"विंचू निघाला तं मले हाक मारता," बायको सुनंदाबाई म्हणाल्या, "अन् हे कायले?"

धुळ्याच्या बंदुकांच्या दुकानात मालक अभिमनशेठनं काचेवर दोन रिव्हॉल्वर ठेवली. एक तळहाताएवढं, दुसरं लांब नळीचं, वजनदार. दोन्ही बत्तीस बोअरची.

"याच्याहून मोठं बोअर नही का?"

"ते फौजेला आणि पोलिसांना. आपल्यासारख्यांना बत्तीसच."

'आपल्यासारख्यांना' हे नानांना झोंबलं. अभिमनशेठ भला माणूस, त्यानं नीट समजावलं. गोळी दोन्हींत तीच. पण छोटं हलकं, म्हणून सगळा झटका हाताला बसतो. मोठं आपल्या वजनानंच झटका जिरवतं, हात स्थिर राहतो. फक्त ते लपत नाही. "रोज अंगावर बाळगायचं तर छोटं न्या, नाना. सराव केला की हाताला सवय होते. आणि सदऱ्याखाली कोणाला कळतसुद्धा नाही."

"कोनालेच कळत नही?"

"कोणालाच."

"मंग घ्याचं कायले?"

तरी त्यानं ओळखीच्या मैदानावर दोन्ही चालवून दाखवली. छोट्यानं नानांचं मनगट असं उडवलं की डोक्यावरची टोपी खाली आली. नानांना मनातून आनंदच झाला. मोठं घ्यायला सभ्य कारण मिळालं होतं. गावात त्यांनी सांगितलं, मनगटाच्या दुखण्यामुळे मोठं घ्यावं लागलं.

आता नाना जन्मभर लेंगा आणि नेहरू शर्टवाले. लेंग्याची नाडी केवढी, आणि लोखंड पाऊण किलोचं! पहिल्याच दिवशी भर चौकात लेंगा खाली घसरला आणि नाना दोन्ही हातांनी तो धरून घरी आले. मग त्यांनी रुंद कातडी पट्टा करून घेतला आणि शिंप्याकडून शर्टाचा उजवा कट वीतभर वाढवून घेतला. हत्यार मिरवू नये असा कायदा आहे. नाना कुठे मिरवत होते? वारा सुटला की शर्ट उडायचा, एवढंच. वारा कुठून येतो याचा अंदाज नानांना हवामान खात्याहून चांगला येऊ लागला.

अशात मुलीचं, मयुरीचं, लग्न ठरायची वेळ आली. मयुरी एकुलती एक. अमळनेरचा नवीन तिला मनापासून आवडला होता. हाच, नाहीतर कोणी नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं. लग्नानंतर तो इथंच राहून केळीचे बाग पाहणार होता. फक्त त्याचे वडील कौतिक आबा घर बघून हो म्हणायचे होते. आबा जन्मभर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. कपडे साधे, नजर बारीक.

वरण-बट्टीचा बेत होता. पाटावर पंगत बसली. मांडी घालायला जावं तर नळी नानांच्या जांघेत रुतायची. उजवा पाय लांब करावा तर तो व्याह्यांच्या ताटात जायचा. नानांनी तीनदा बूड हलवलं, घाम पुसला आणि शेवटी ते धूड काढून तुपाच्या वाटीशेजारी ठेवलं. पंगतीतले हात ताटातच थांबले. नानांना वाटलं, जमलं.

"परवाना कुठल्या कारणावर मिळाला?" कौतिक आबांनी विचारलं.

"जिवाले धोका," नाना छाती काढून म्हणाले.

"कोणापासून?"

नानांनी अर्जात 'अज्ञात इसम' लिहिलं होतं. तेच त्यांनी सांगितलं.

आबांनी मोडलेली बट्टी ताटात ठेवली. कचेरीची मराठी सुटली आणि घरची अहिराणी आली. "नाना, धोका खरा शे, तर मना पोऱ्या आठे तुमना घर कसा धाडू? अन् खोटा शे, तर खोटं लिखी देनारा घरमा सोयरीक कशी करू?"

दारात मयुरी तुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं. नानांनी केळीचे घड चोरणाऱ्यांची नावं आठवून पाहिली. त्यातला एक तर आत्ताच पंगतीत वाढत होता. मग त्यांचा चेहरा एकदम पडला.

"धोका नही हाये, आबा. खोटं लिहलं मी. साठ वर्षं झाले, मले मारावं असं एका मानसाच्या मनात आलं नही. मारनं सोडा, मी आलो तं कोनी खाटेवरून उठत नही." त्यांनी उष्टे हात जोडले. "पोरीचं मोडू नका."

 आबांनी ताट जवळ ओढलं. "उद्या ठाण्यामा जाईसन हाई जमा करी टाका. बट्टी थंडी व्हई राहिनी."

मयुरीनं वाढायला वाकून बापाच्या बट्टीवर भांडंच पालथं केलं. नाना मान खाली घालून जेवत राहिले.  सुनंदाबाई वरण घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या ताटाशी वाकल्या.

"तुमचं भ्याव मले कधीच वाटलं नही," त्या हळूच म्हणाल्या, "म्हनून तं पस्तीस वर्षं सुखानं राह्यली."