पायरीपर्यंत

जागा कुठलीही असो, घेण्याआधी नळ सोडून बघायचा, ही आमच्या घरातली रीत. त्यामुळे मुलीच्या कॉलेजचं नवं वसतिगृह बघायला गेलो, तेव्हा मी मजल्यावरचे सगळे नळ सोडून पाहिले, पंखे फिरवले, खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या. सगळं ठीक होतं. रेक्टरबाई सहज म्हणाल्या, "जुन्या वसतिगृहातही जागा आहे. पण तिथे पुरुषांना पायरीच्या पुढे सोडत नाही आम्ही. वडिलांनासुद्धा नाही."

"मग मला जुनंच द्या," मुलगी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच मी जास्त हादरलो. तिचा शाळेतला बाक, तिची सायकल, तिच्या चष्म्याची फ्रेम, सगळं मीच पारखून घेतलं होतं. ती दर वेळी 'हो' म्हणायची, आणि ती तिची पसंती आहे असं मी समजत आलो. एका घरात राहूनही माणसाला किती थोडं ऐकू येतं.

जुन्या वसतिगृहाच्या पायरीवर तिनं माझ्या हातातली गादीची वळकटी घेतली आणि ती आत गेली. जाळीचं दार लागलं. मी पायरीखालीच थांबलो. त्या दाराआडचा एकही नळ मी पाहिलेला नव्हता.

थोड्या वेळानं वरची एक खिडकी उघडली. तिनं आधी कडी दोनदा लावून, काढून पाहिली. मग खाली वाकून म्हणाली, "बाबा, नळाला पाणी आहे. निघा आता."