शैलजाताईंचे देश आणि आमचं घर

प्रा. शैलजाताई पोतनीस यांची आणि माझी पहिली भेट झाली ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, माझ्या शिंकांमुळे. मी वाणिज्य शाखेत नुकतीच रुजू झाले होते; त्या अर्थशास्त्राच्या विभागप्रमुख. ‘कोणाला दाखवलंत?’ त्यांनी विचारलं. ठाण्यातल्या एका बड्या नाक-कान-घसा तज्ज्ञांचं नाव मी जरा ऐटीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सर्दीसाठी डोंबिवलीहून ठाण्याला? तुमचा घरचा डॉक्टर कोण?’ घरचा असा कोणी नव्हताच. ओळख ना पाळख, आणि ही उलटतपासणी! मला त्यांचा भयंकर राग आला होता.

निवृत्तीनंतर ताईंनी मानपाड्याला शनिवारचा अभ्यासवर्ग सुरू केला. विषय ऐकूनच लोक पळावेत असा: कोणता देश आरोग्यसेवेसाठी पैसा कसा उभा करतो आणि ती सेवा लोकांपर्यंत कशी पोचवतो. पण ताई आकडेवारीपासून सुरुवात करतच नाहीत. ‘इथल्या कारखान्यातला कामगार आहे, पाठ धरली आहे. चला, त्याला फिरवून आणू,’ असं म्हणून त्या आम्हाला एकेक देश वाटून देतात. ब्रिटनने सांगायचं, आमच्याकडे करांतून भागतं, पण आधी आपल्या नोंदणीच्या डॉक्टरकडे जायचं. जर्मनीने सांगायचं, कामगार आणि मालक दोघेही विम्याचा हप्ता भरतात. जपानने सांगायचं, विमा सगळ्यांना आणि उपचारांचे दर देशभर ठरलेले.

कोणी परदेशाची आरती ओवाळू लागलं की ताई अडवतात, ‘आणि शस्त्रक्रियेसाठी ताटकळावं लागतं, ते कोण सांगणार?’ आपल्या सरकारी दवाखान्याला नाकं मुरडणाऱ्यालाही त्या सोडत नाहीत. ‘शेवटचे आत कधी गेला होतात?’ असं त्या थेट विचारतात. त्यांना मत चालतं, ऐकीव मत चालत नाही.

ताईंचे माझ्यावरचे उपकार मात्र वर्गाबाहेरचे आहेत. माझे यजमान अरविंद बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात खचत गेले. चालताना तोल जायचा, नावं आठवायची नाहीत, जेवताना तोंडातून शब्द निघायचा नाही. रक्तदाबाला एक तज्ज्ञ, झोपेला दुसरे, गुडघ्यांना तिसरे, सगळे नावाजलेले. माणूस डोळ्यांदेखत हातातून चालला होता आणि मी चौथ्या तज्ज्ञाची वेळ घेत होते.

ताई सहज भेटायला आल्या, त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला आत नेलं. ‘अगं माधवी, ह्यांची सगळी औषधं एका ताटात काढ बघू.’ ताट भरलं. ‘हे सगळं एकत्र कोणी पाहिलंय?’ कोणीच नाही! प्रत्येकाने आपापलं तेवढं पाहिलं होतं. मी गोळ्या फेकायलाच निघाले, तर ताई कडाडल्या, ‘खबरदार! मी डॉक्टर नाही आणि तूही नाहीस.’ दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सोबत आल्या आणि ताटातली सगळी औषधं पिशवीत भरून त्यांच्या घरच्या डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी तिन्ही तज्ज्ञांना फोन केले. एकच औषध दोन नावांनी चाललं होतं आणि झोपेच्या गोळीवर आणखी एक गुंगीची गोळी पडत होती. बेताबेताने औषधं कमी झाली.

काही आठवड्यांनी एका दुपारी पानावर बसल्याबसल्या हे म्हणाले, ‘आज आमटीत मीठ घालायचं विसरलीस काय?’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ताईंना फोन केला, तर म्हणाल्या, ‘अगं, मग मीठ घाल ना!’

त्या वेळी ताई नसत्या तर माझं काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करू शकत नाही. ताई, पंच्याहत्तरी पूर्ण केल्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं मी स्वार्थानेच मागते आहे. हे आता दर शनिवारी तुमच्या वर्गात पहिल्या रांगेत बसतात, हट्टाने ब्रिटन मागून घेतात आणि घरी येईपर्यंत तावातावाने बोलत असतात. त्यांना तुमच्याशी अजून पुष्कळ भांडायचं आहे.