पाटी धरलेले हात

कळंबला माझा फोटो स्टुडिओ आहे. गेलेल्या माणसांचे भिंतीवरचे फोटो बनवताना मी सगळ्यांना कॉम्प्युटरवर तोच एक काळा कोट चढवतो. आता त्याचाही वीट आलाय.

एकदा माकणीची एक म्हातारी बापाचा एकुलता एक फोटो घेऊन आली. तो तुरुंगात काढलेला होता. छातीशी नंबरची पाटी. मी न विचारता पाटी कापून कोट चढवला. तिनं पडद्यावर, कोटावर बोट ठेवलं.

"हात कुठं गेले?"

"पाटीबरोबर गेले, आजी. घरात कैद्याचा फोटो लावणार का?"

"तोंड न्हाय आठवत मला, लई ल्हान व्हते. हातावरनंच वळखलं बाला."

मी कोट उतरवला. निघताना तिनं फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी धरली, बापानं पाटी धरली होती तशीच.