तिन्ही देशांचा जुलाब

माझ्या मोठ्या आतड्यावरून इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात वाद सुरू झाला, तेव्हा मी भालकीच्या शाळेत आठवीच्या वर्गाला त्रैराशिक शिकवत होतो. मला किंवा आतड्याला, दोघांनाही काही कल्पना नव्हती.

अमेरिका म्हणजे माझा धाकटा भाऊ गौतम. आमच्या घरानं धम्म घेतला त्या वर्षी जन्मला म्हणून गौतम, आणि आता तिकडे डॉक्टर. इंग्लंड म्हणजे मधली बहीण चंद्रकला, तिथल्या दवाखान्यात नर्स. आणि भारत म्हणजे मी. (तिघांत शिकलेला सगळ्यांत कमी, बोलणारा सगळ्यांत जास्त!) आमचे अप्पा दुसऱ्याच्या फडातला ऊस तोडून गाड्या भरायचे. सही करायची वेळ आली तर पेन कोयत्यासारखा मुठीत धरायचे. त्यांची तीन लेकरं तीन खंडांत! हे वाक्य मी भालकीत इतक्यांदा म्हटलं होतं, की मी समोरून येताना दिसलो की बाजारातले लोकच आधी म्हणायचे, "व्हय व्हय गुरुजी, तीन खंडांत!" आणि वाट काढून निघून जायचे.

पन्नाशी लागली आणि गौतमचं पत्र आलं. अप्पा गेले त्याआधी दोन वर्षं त्यांना संडासवाटे रक्त पडत होतं. सगळे मूळव्याध म्हणत होते, अप्पाही तेच म्हणत होते, आणि ऊस तोडत होते. कुणी तपासलं नाही. गौतमनं लिहिलं होतं, 'अण्णा, आता मला वाटतं तो आतड्याचा कॅन्सर असावा. ज्याच्या बापाला झाला, त्यानं आतून बघून घेतलेलं बरं. इथं माणसाला काही होत नसतानाही दुर्बीण घालून बघतात.'

मी पत्र मोठ्यानं वाचत होतो. बायको, अनसूया, ज्वारी निवडत होती.

"दुर्बीण घालतात?" ती म्हणाली. "कुठून?"

मी पुढचं वाक्य वाचलं. मग पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"आवो, कुठून?"

"...मागच्या दारानं."

"अगं बया! म्हंजे जे दुखत न्हाई ते दुखवून घ्यायला लावायलेत की!"

मी चंद्रकलेला कळवलं. तिचं उत्तर आलं ते फणफणतच. 'गौत्याचं ऐकू नका. तिकडं ऊठसूट नळी घालतात. आमच्याकडं काही तक्रार नसेल तर डॉक्टर नळी हातात धरत नाहीत. मी तीन कार्डं पाठवते आहे. तीन दिवस शौचाचा थोडा थोडा नमुना त्यावर लावा, वाळवा आणि मला परत पाठवा. त्यात रक्ताचा अंश निघाला तर पुढचं बघू.' सोबत आइस्क्रीमच्या असतात तशा सपाट काड्या. (एक काडी मी खरोखर चाटून पाहिली. वापरण्याआधी!)

दोन्ही पत्रं मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली. "एक आतडं, दोन देशांची दोन धोरणं!" मी म्हणालो. ड्रॉइंगच्या मास्तरांनी डबा बंद केला.

कार्डं तयार झाली. पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"लंडनला व्हय? आत काय हाय, गुरुजी?"

"सॅम्पल."

"कशाचं?"

मागं रांग होती. रांगेत माझ्या दोन विद्यार्थ्यांचे बाप होते. "मातीचं," मी म्हणालो.

"शेतातल्या?"

"व्हय. तसं शेतातलंच."

पोस्टमास्तरांनी आदरानं शिक्का मारला. मीही ताठ मानेनं बाहेर आलो. भालकी तालुक्यातून असा माल त्याआधी कुणी निर्यात केला नव्हता!

महिन्याभरानं समोरच्या अडत दुकानात चंद्रकलेचा फोन आला. तुरीच्या पोत्यांवर बसलेले सगळे गप्प झाले, कारण लंडनचा फोन ऐकायला मिळणं म्हणजे त्यांना सिनेमा होता.

"अण्णा, एका कार्डावर रक्त निघालंय."

मी हसलो. का हसलो ते सांगता येत नाही.

"हसू नका, अण्णा," ती म्हणाली. "अप्पाबी असंच हसायचे. मी गौतमशी बोलले. आता माझंबी तेच म्हणणं हाय. नळी घालून घ्या. लवकर."

मी फोन ठेवला. अडत्यानं काही न विचारता चहा मागवला. त्या दिवशी 'तीन खंडांत' हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात अशी दुर्बीण होती. गौतमनं तिथल्या डॉक्टरांना लिहिलं, तारीख मिळाली. एक दिवस आधी येऊन भरती व्हा, पोट साफ करायचं औषध आम्हीच देऊ, असा कागद आला. इथपर्यंत कुणालाही गोंधळ घालता आला नसता. पण मी गणिताचा शिक्षक!

झालं असं, की गौतमनंही तिकडची पद्धत लिहून पाठवली होती. दोन दिवस फक्त पारदर्शक पातळ पदार्थ, मग एरंडेल. चंद्रकलेनं तिकडची पुडी पाठवली होती. पाण्यात घालून प्यायची, संत्र्याच्या चवीची. मी विचार केला, एकाचं ऐकावं तर दुसऱ्याला वाईट वाटणार. तिघांचंही करावं. जितकं साफ तितकं चांगलं.

"आवो, दवाखान्यात देणार हायेत ना?" अनसूया म्हणाली. "मग घरी कामून प्यायलाव?"

"तुला आंतरराष्ट्रीय गोष्टी कळायच्या न्हाईत."

पारदर्शक म्हणजे, ज्यातून पेपर वाचता येतो ते, असं गौतमनं लिहिलं होतं. म्हणून अनसूयानं डाळीचं वरचं पाणी काढलं आणि मी ते पेल्यात घेऊन वर्तमानपत्रावर धरलं.

"बारीक अक्षर दिसंना," मी म्हणालो.

"मोठी बातमी दिसायलीय का?"

"दिसायलीय."

"मग प्या की! बारीक बातम्या कोण वाचतंय!"

दोन दिवस असे काढून निघायच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकेचं एरंडेल प्यालो. ढिम्म! काही झालं नाही. अमेरिकेला हसत पहाटे इंग्लंडची पुडी प्यालो. तरी काही नाही. (भालकीचं आतडं! ज्वारीची भाकरी आणि ठेचा पचवलेलं! असं मी अनसूयाला म्हणालोही.) गौतमनं पाठवलेला काळा कोट चढवला, कारण एवढ्या देशांचा पेशंट लेंगा-सदऱ्यात जाणं बरं दिसेना, आणि ऐटीत हैदराबादच्या गाडीत बसलो.

भालकी सुटून दहा मिनिटं झाली आणि अमेरिका आणि इंग्लंड यांची आत युती झाली.

मी उठलो. डब्याच्या टोकाला संडास होता. मी पोचणार एवढ्यात दारापाशी उभा असलेला माणूस माझ्याकडं बघून दचकला, आत शिरला आणि कडी लावली. मी समोरच्या दाराकडं वळलो. तिथंही एक मिशीवाला माझ्या डोळ्यांदेखत आत! धड धड धड! मी दार वाजवलं.

"अंदर आदमी है!"

"वो मालूम है! बाहर आओ!"

"टिकट घर पे भूल गया, साब!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. डोकं त्या वेळी कामावर नव्हतंच. मी पोट धरून डब्याच्या दुसऱ्या टोकाला पळालो. काळा कोट घालून पळत येणारा माणूस बघून तिकडं पळापळ झाली. एका दारात एक जण घुसला. उरलेल्या एका दारात दोघं एकदम! वाटेत मी आधाराला एका म्हातारीच्या बाकाला धरलं, तर तिनं कनवटीचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "बघ बाबा, माझं हाय." मी ते बघितलं. शिक्षकाची सवय! बरोबर आहे म्हणून परतही दिलं.

"आवो!" मागून अनसूया धावत आली. "कोट काढा! लोकं तुमाला टीसी समजायलेत!"

तिनं कोट ओढून काढला, पदराखाली दडवला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "टीसी पलीकडच्या डब्यात गेला हो!"

खट, खट, खट, खट! चारही दारं उघडली. मला निवड करायला वेळ असता तर मी निवडही केली असती.

बिदर कधी आलं, विकाराबाद कधी गेलं, हे मला आजही अनसूयाला विचारावं लागतं.

दवाखान्यात मला दोघांनी धरून नेलं. डॉक्टर वयस्कर, चष्मेवाले. नर्सनं मोठं भांडं पुढं केलं तेव्हा मी हात जोडले. "मी घरून करून आलोय."

"किसने बोला?" डॉक्टरांनी विचारलं.

"अमेरिका आणि इंग्लंड."

डॉक्टर चष्मा काढून हसले. "दो-दो मुलुक का पीके आए, मास्टरसाब? अब हमारा भी पी लेव. नै तो हिंदुस्तान का दिल दुखता ना!"

तेही प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर डाव्या कुशीवर. गौतमनं लिहिलं होतं, तिकडं पूर्ण झोपवतात. चंद्रकलेनं लिहिलं होतं, गुंगीचं इंजेक्शन देतात, माणूस अर्धवट बडबडत राहतो. मी डॉक्टरांना विचारलं, "इथं काय पद्धत आहे?"

"यहाँ? यहाँ हिम्मत करना."

नळी जपानची होती. (चौथा देश!) काय वाटलं ते लिहीत नाही. घरातल्या मुली वाचतात. पण थोड्या वेळानं डॉक्टर नळीच्या टोकाला डोळा लावून ओरडले, "अरे, सब लोगाँ आओ! ये देखो! इत्ता साफ आंतडा मैं पूरी सर्विस में नै देखा!" शिकणारे पाच डॉक्टर रांग लावून माझ्यात डोकावून गेले. मी कुशीवर पडल्यापडल्या छाती फुगवली. मॅट्रिक पास झालो त्या दिवशीही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी नळी जागेवर थांबवली. "रुको," म्हणाले. मला भिंत दिसत होती, आणि भिंतीवर मला अप्पा दिसत होते, कोयता खांद्यावर घेतलेले, हसणारे.

"छोटा मोड है," डॉक्टर हळू म्हणाले. "तूर का दाना. डंठल पे खड़ा है." तारेचा फास टाकून त्यांनी तो देठावर वाढलेला मांसाचा दाणा तिथल्या तिथं काढला आणि तपासायला पाठवला.

रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. ते दिवस अनसूया माझ्याशी एकदाही भांडली नाही, म्हणजे किती घाबरली होती बघा! रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. ठेवला असता तर पुढं झाला असता.

लगेच इंग्लंड-अमेरिका पुन्हा सुरू. गौतमचं पत्र, 'आधीच नळी घातली असती तर महिना वाचला असता.' चंद्रकलेचं पत्र, 'माझ्या कार्डानं सापडलं, त्याला सांगा.' मी दोघांनाही लिहिलं की तुझंच बरोबर. पण खरं सांगतो, ती पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचत बसायचो. अप्पांना दोन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, की बाबा, तुला काय होतंय. आणि त्यांनी दुसऱ्याचा ऊस तोडून शिकवलेली लेकरं आता समुद्रापलीकडून, त्यांच्या थोरल्याच्या हातभर आतड्यासाठी, इंग्रजी पुस्तकांचे दाखले देऊन भांडत होती! मला तर वाटलं, हे भांडण मिटूच नये.

निघताना डॉक्टरांनी कौतुकानं आतड्याचा एक रंगीत फोटो दिला होता. गुलाबी, गोल, आत आत जाणारा, कमानीमागं कमान. मी तो फ्रेम करून बैठकीत रेडिओच्या वर लावला. एकदा शाळातपासणीचे साहेब चहाला आले. फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले.

"वा, गुरुजी! कुठली लेणी ही? अजिंठा?"

अनसूया तोंडात पदर कोंबून आत पळाली.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "आपल्या इकडचीच हायेत. घरगुती."

"काय स्वच्छता! कोण ठेवतं एवढी?"

"मीच," माझी छाती आपोआप पुढं आली. "आदल्या दोन दिवसांत सगळी साफ करून घेतली."

"असं पाहिजे! मग यंदा शाळेची सहल तिकडंच न्या की!"

मी चहाचा कप पुढं करत म्हणालो, "साहेब, वाट लई अरुंद हाय."