पाचवं माणूस

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका आफ्रिकी देशात, कॅनडाच्या वकिलातीत मी दोन वर्षं काढली. स्वातंत्र्याच्या पताका अजून विटल्याही नव्हत्या, तेवढ्यात तिथल्या पुढाऱ्यांची आपसात जुंपली आणि युद्ध पेटलं. माझं काम काय, तर मंत्र्यांना भेटायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि दिसेल ते ओटावाला कळवायचं. मंत्री आंब्याच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गोडमिट्ट चहा पाजायचे. भिंतीपलीकडे गोळीबार ऐकू यायचा आणि हे म्हणायचे, ‘मदतीचे ट्रक ना? अवश्य सोडू. सहकाऱ्यांशी बोलून कळवतो.’ माझी दुभाषी ते शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगायची. मग गाडीत बसलो की खिडकीबाहेर बघत त्याचंच खरं भाषांतर एका शब्दात करायची. ‘नाही.’ ती एकदाही चुकली नाही.

लढाई आमच्या रस्त्यावर आली तेव्हा मला विमानाने बाहेर काढलं. तिला कोण काढणार? ती तिथलीच. दोन मुलींना घेऊन ती चालत सीमेपार गेली आणि छावणीत ताडपत्रीखाली राहू लागली.

कॅनडात पाच जणांनी मिळून वर्षभराच्या खर्चाची जबाबदारी घेतली तर अशा निर्वासित कुटुंबाला बोलावता येतं. सीरियातून येणाऱ्यांसाठी तेव्हा गल्लोगल्ली असे गट निघत होते. मी, आई, बाबा आणि शेजारच्या निवृत्त शिक्षिका, असे चार झालो. ओकव्हिलच्या आमच्या मराठी मंडळींत पाचवं माणूस चुटकीसरशी मिळेल, असं मी दुभाषीला फोनवर सांगूनही बसले.

बाबांनी रविवारी घरी पॉटलक ठेवलं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. सगळे बाबांच्या पिढीतले डॉक्टर, इंजिनीयर, मला फ्रॉकमध्ये पाहिलेले.

‘मग, लायन्स बघितलेस की नाही?’ एका काकांनी विचारलं.

‘काका, मी युद्ध बघितलं.’

‘हो, ते आहेच म्हणा,’ म्हणत त्यांनी अळूवडी उचलली.

मी दुभाषीबद्दल सगळं सांगितलं. एक माणूस हवंय, म्हटलं.

‘किती छान काम करतेस गं! वुई आर सो प्राउड ऑफ यू.’

‘नक्की करू. हिच्याशी बोलून कळवतो.’

‘हा विंटर जाऊ दे, मग बघूच.’

फक्त एक डॉक्टरकाका ताडकन म्हणाले, ‘आम्हाला कुणी स्पॉन्सर केलं होतं? शिक्षणाच्या पॉइंट्सवर व्हिसा मिळवून आलो, स्नो शोव्हल केला, उभे राहिलो. मला नाही जमणार.’ मला त्यांचा संताप आला. पण त्या दिवाणखान्यात सरळ बोललेला तो एकटाच माणूस होता. बाकीच्यांच्या गप्पा विंटर टायर्सवर घसरल्या. आमच्यात तोंडावर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. समोरचं माणूस वाट बघत झिजलं तरी चालेल.

सगळे गेल्यावर बाबा म्हणाले, ‘जरा वेळ दे लोकांना. कुणी नाही म्हटलंय का?’

‘बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे!’ मी भांडी आदळली. ‘बोलून कळवतो’ हेच वाक्य दोन वर्षं ऐकून, त्यावर पानंच्या पानं लिहून मी आले होते. आणि आता ते आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चहा पिऊन गेलं होतं.

त्यानंतर एकच फोन आला, तोही एका काकूंचा. अळूवड्यांचा डबा राहिला होता.

मग छावणीतून तिचा फोन आला. मुली विचारतात, तिथली शाळा घरापासून किती लांब आहे? मी म्हटलं, जवळ आहे.

‘पाचवं माणूस मिळालं?’

खरं काय ते माझ्या अगदी ओठावर होतं.

‘लोकांनी खूप आपुलकीने ऐकलं,’ मी म्हटलं. ‘घरी बोलून कळवणार आहेत.’

मागे मुलींचं हसणं ऐकू येत होतं.

‘नाही,’ ती म्हणाली.